विद्यापीठ निवडताना नाव नव्हे, जागा तपासा: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या विद्यार्थ्यांसाठी

'पोरगं व्हीटीयूला लागलं' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. पोरगं शिकत असतं उद्यमबागच्या, नाहीतर थेट मंगळूरच्या एखाद्या कॉलेजात. मच्छेला असतं ते व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालय. प्रश्नपत्रिका, अभ्यासक्रम आणि पदवीचा कागद तिथून येतो. रोज शिकवणारे शिक्षक, प्रयोगशाळा, वसतिगृह आणि वेळेवर बस हे सगळं कॉलेजचं. म्हणून 'हे विद्यापीठ चांगलं का?' या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही. 'या विद्यापीठाच्या या कॉलेजातली, या कोर्सची, या कोट्यातली जागा मला जमेल का?' असं विचारलंत तर मिळतं. खालचा क्रम त्याच प्रश्नासाठी आहे. दुसऱ्या पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागायच्या दोन महिने आधी सुरू करा. निकालानंतर दाखले काढायला रांगेत उभं राहायचं की कॉलेज बघायला जायचं, अशी ओढाताण होते.

## १. आधी ठरवा: पदवी कुणाची, वर्ग कुठे

बेळगाव शहर न सोडता निदान पाच विद्यापीठांच्या पदव्या घेता येतात. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., बी.एड. बहुतेक राणी चन्नम्मा विद्यापीठाची. इंजिनिअरिंग बहुतांशी व्हीटीयूचं, जे १९९८ पासून आहे. कायद्याचं कॉलेज टिळकवाडीत असलं तरी पदवी हुबळीच्या कर्नाटक राज्य कायदा विद्यापीठाची. नर्सिंग आणि फार्मसीची बरीच कॉलेजं बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. आणि केएलईचं अभिमत विद्यापीठ वेगळंच. सरकारी मेडिकल कॉलेज बिम्स आणि केएलईचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज एकाच गावात आहेत, पण विद्यापीठ वेगळं, फी ठरवणारा वेगळा, समुपदेशन म्हणजे जागावाटपही वेगळं. अभिमत विद्यापीठांच्या एमबीबीएस जागांचं समुपदेशन दिल्लीची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी (एमसीसी) करते.

कॉलेजच्या माहितीपत्रकावर 'संलग्न' आणि 'स्वायत्त' हे दोन शब्द शोधा. संलग्न कॉलेजात पेपर विद्यापीठ काढतं. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम आणि पेपर स्वतः ठरवतं, पदवी मात्र विद्यापीठाचीच असते. स्वायत्त म्हणजे आपोआप चांगलं, असं नाही. तिथे निकाल लवकर लागतो आणि अभ्यासक्रम लवकर बदलतो हे खरं, पण शिकवणारेच पेपर काढतात आणि तेच तपासतात. गुणांना बाहेर किती वजन आहे, हे त्या कॉलेजच्या मागच्या दोन बॅचच्या मुलांना विचारूनच कळतं.

राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागांबद्दल एक गोष्ट वेगळी विचारा. जुनं आवार भूतरामनहट्टीला, म्हणजे कोल्हापूरच्या बाजूला. नवं आवार हिरेबागेवाडीला, म्हणजे धारवाडच्या बाजूला. शहरातून दोन्ही उलट दिशांना. तुमचा विभाग येत्या वर्षी कुठे भरणार, हे विभागातच जाऊन विचारा. निपाणी-संकेश्वरच्या मुलाचा त्यावर रोजचा तासभर अवलंबून आहे.

## २. मान्यता: अर्ध्या तासाचं काम, पण टाळू नका

विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीत आहे का ते बघा. यूजीसी बनावट विद्यापीठांचीही यादी काढते. गोकाकच्या पत्त्यावरची एक संस्था त्या यादीत वर्षानुवर्षं होती, त्यामुळे 'आपल्या भागात असं काही नसतं' असं समजू नका.

त्यानंतर कोर्सची परवानगी, ती प्रत्येक क्षेत्राची वेगळी संस्था देते. इंजिनिअरिंग, एमबीए, एमसीएसाठी एआयसीटीई. २०२४-२५ पासून बीबीए आणि बीसीएसुद्धा एआयसीटीईखाली आले आहेत. बी.एड.साठी एनसीटीई, कायद्यासाठी बार कौन्सिल, फार्मसीसाठी फार्मसी कौन्सिल, मेडिकलसाठी एनएमसी. परवानगीच्या पत्रावर वर्ष आणि जागांची संख्या असते. चालू वर्षाचं पत्र मागा. तीन वर्षांपूर्वीचं पत्र फ्रेममध्ये लावलेलं असतं, त्याच्याकडे बघून परत येऊ नका.

दूरस्थ शिक्षण घेत असाल तर दुप्पट सावध राहा. म्हैसूरच्या राज्य मुक्त विद्यापीठाची मान्यता २०१३-१४ पासूनच्या वर्षांसाठी यूजीसीने काढली होती. ती परत मिळाली २०१८ मध्ये. मधल्या वर्षांत प्रवेश घेतलेल्यांचे हाल झाले. विद्यापीठ सरकारी होतं, जुनं होतं, तरीही. म्हणून विद्यापीठाचं नाव नव्हे, तर त्या वर्षी त्या कोर्सला दूरस्थची परवानगी आहे का ते यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत बघा. दुसरं असं, की राज्य विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर अभ्यासकेंद्र चालवता येत नाही. गल्लीतल्या कोचिंग क्लासच्या पाटीवर परराज्यातल्या विद्यापीठाचं 'अधिकृत केंद्र' असं लिहिलेलं दिसलं तर तिथे पैसे भरू नका.

## ३. कुठल्या वाटेनं शिरताय

हा टप्पा सगळ्यात वेळखाऊ, कारण सीमाभागातल्या मराठी विद्यार्थ्याला दोन राज्यांचे नियम लागू होतात. एका राज्यात मिळणारी सवलत दुसऱ्या राज्यात अडचणही ठरू शकते.

कर्नाटकातून, केईएच्या (कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या) सीईटीने, म्हणजे प्रवेश परीक्षेने. सर्वसाधारण पात्रता अशी: पहिली ते बारावीपैकी निदान ७ वर्षं कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजात शिक्षण, आणि दहावी किंवा दुसरी पीयूसी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून उत्तीर्ण. म्हणजे दहावी बेळगावात आणि अकरावी-बारावी कोल्हापुरात केली असली तरी ७ वर्षं भरत असतील तर केईएची वाट बंद होत नाही.

गेल्या वर्षीचे कट-ऑफ रँक केईए जाहीर करते. ते बघताना आपला रकाना नीट ओळखा. जीएम म्हणजे सर्वसाधारण. मराठा समाज कर्नाटकात ३बी या मागास प्रवर्गात येतो. पुढचं अक्षर 'जी' म्हणजे त्या प्रवर्गातली साधी जागा, 'आर' म्हणजे ग्रामीण, 'के' म्हणजे कन्नड माध्यम. पहिली ते दहावी गावातल्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला 'आर' मिळू शकतो, 'के' मिळत नाही. घरोघरी चुकतं ते इथेच: ३बीके चा सैल रँक बघून आशा धरायची आणि जागा ३बीआर किंवा ३बीजी मध्ये शोधायची. ग्रामीण दाखल्यावर मुख्याध्यापकांची सही पुरत नाही, बीईओची, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांची, प्रतिस्वाक्षरी लागते. शाळा ज्या गावात आहे ते मधल्या काळात नगरपंचायतीत गेलं असेल तर कुठली वर्षं ग्रामीण धरतात, हे बीईओ कचेरीत आधीच विचारा.

जागा मिळाल्यावर चार पर्याय येतात. चॉइस-१: जागा पसंत, फी भरून रुजू. चॉइस-२: जागा पसंत, ती हातात ठेवून पुढच्या फेरीत वरचे पर्याय बघायचे. चॉइस-३: जागा नको, पुढच्या फेरीत बघू. चॉइस-४: प्रक्रियेतूनच बाहेर. शंका असताना चॉइस-३ दाबणं म्हणजे हातातलं सोडून पळत्याच्या मागे लागणं. आधी मॉक अलॉटमेंट येते, ती केवळ चाचणी असते. पण तिच्यात तुमचा पंधरावा पर्याय दिसला तर वरचे चौदा आवाक्याबाहेर आहेत का, हे शांतपणे तपासायला तो चांगला वेळ असतो.

खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात आणखी दोन वाटा असतात, कॉमेड-के (खासगी कॉलेजांची स्वतःची प्रवेश परीक्षा) आणि मॅनेजमेंट कोटा. कॉलेज एकच, वर्ग एकच, फीचे आकडे तीन. 'त्या कॉलेजची फी किती?' असं विचारू नका, 'या वाटेनं आलो तर चारही वर्षांची मिळून किती?' असं विचारा.

महाराष्ट्रातून, सीमाभागाच्या सवलतीने. महाराष्ट्र शासन ज्या ८६५ गावांवर दावा सांगतं, तिथल्या मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या सीईटी सेलच्या नियमांत वेगळा उमेदवार-प्रकार आहे. इंजिनिअरिंगच्या केंद्रीभूत प्रवेशात त्याला 'टाइप-ई' म्हणतात. मेडिकलच्या माहितीपुस्तिकेत तो 'एमकेबी' या नावानं येतो, म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटक सीमा. अट अशी की दहावी आणि बारावी दोन्ही सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून झालेली असावी.

इथे मोठा खड्डा आहे. 'महाराष्ट्रातच पुढे शिकायचंय, तर अकरावीलाच कोल्हापूरला किंवा लातूरला टाकू' असा विचार अनेक पालक करतात. त्यानं सीमाभागाची अट मोडते, कारण बारावी सीमाभागाबाहेर झाली. आणि महाराष्ट्राचा साधा उमेदवारही तो होत नाही, कारण त्यासाठी दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि अधिवास, नाहीतर पालकाचा अधिवास वगैरे लागतं. अकरावीचं कॉलेज बदलण्याआधी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतला पात्रतेचा भाग वाचा. दोन पानं असतात.

आणखी दोन गोष्टी. आपलं गाव ८६५ च्या यादीत आहे का, ते घरात बसून गृहीत धरू नका. गाव यादीत असतं आणि शेजारची वसाहत नसते, असंही होतं. आणि कर्नाटकातला जातीचा दाखला महाराष्ट्रातल्या राखीव जागेसाठी आपोआप चालत नाही. प्रवेश सुविधा केंद्रात हा एक प्रश्न लेखी विचारून उत्तर घ्या.

साध्या पदवीसाठी, म्हणजे बी.ए., बी.कॉम., एम.ए. वगैरेसाठी, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे सीमाभागातल्या विद्यार्थ्यांचा बऱ्याच वर्षांपासून ओढा आहे. १९६२ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ निपाणीहून जवळही आहे. सीमाभागासाठीची फी-सवलत त्या वर्षी कोणत्या कोर्सला लागू आहे, याचं परिपत्रक हातात घेऊनच प्रवेश घ्या. 'सवलत मिळते हो' हे कॅन्टीनमधलं उत्तर फी भरायच्या खिडकीवर उपयोगी पडत नाही.

## ४. अभ्यासक्रम वाचा, भाषेचं गणित मांडा

कर्नाटकाने २०२४-२५ पासून चार वर्षांची ऑनर्स पदवी मागे घेऊन पुन्हा तीन वर्षांची साधी पदवी आणली. महाराष्ट्रात तीन आणि चार वर्षं असे दोन्ही टप्पे आहेत, आणि चार वर्षं केली तर पुढची पदव्युत्तर पदवी एका वर्षाची होऊ शकते. म्हणजे बेळगावात बी.एस्सी. आणि नंतर कोल्हापुरात एम.एस्सी. असा बेत असेल तर एकूण पाच वर्षं धरा. कोणी 'एका वर्षात एम.एस्सी.' म्हणालं तर तो चार वर्षांच्या पदवीचा हिशोब आहे.

भाषेबद्दल तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. वर्गात प्रत्यक्ष कोणत्या भाषेत शिकवतात? परीक्षा कोणत्या भाषेत लिहिता येते? भाषा विषय म्हणून मराठी आहे का, आणि त्याला शिक्षक आहे का? तिन्हींची उत्तरं एकाच कॉलेजात तीन निघतात. कागदावर इंग्रजी माध्यम, वर्गात कन्नड-इंग्रजी मिसळ, मराठीचा तास वेळापत्रकात आहे पण शिक्षक वर्षभर नाही, असं चित्र दिसलं तर नवल वाटून घेऊ नका. विद्यार्थ्यांची संख्या कमी पडली की मराठीचा पर्याय त्या वर्षी बंद ठेवतात. म्हणून 'आहे का' असं न विचारता 'गेल्या वर्षी किती जणांनी घेतला' असं विचारा.

व्हीटीयूच्या पहिल्या वर्षात कन्नडचा एक क्रेडिटचा विषय असतो. कन्नड येणाऱ्यांसाठी 'सांस्कृतिक कन्नड', न येणाऱ्यांसाठी 'बळके कन्नड'. शाळेत कन्नड विषय घेतलेल्या मराठी मुलाला बहुधा पहिला घ्यावा लागतो. अवघड नसतो, पण एका क्रेडिटसाठी विषय राहिला म्हणून रडलेली मुलं असतात.

अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरवून घ्या आणि तिसऱ्या व पाचव्या सेमिस्टरचे विषय वाचा. पहिलं वर्ष सगळीकडे सारखंच दिसतं. जुन्या प्रश्नपत्रिका मिळाल्या तर दोन बघा. आपल्याला आवडेल असं जे वाटत होतं आणि तिथे जे शिकवतात, त्यातलं अंतर या एका तासात कळतं.

## ५. पदवी पुढे कुठे चालवायची आहे

खानापूरच्या एखाद्या मुलीला मराठीत एम.ए. करायचंय असं धरा. राणी चन्नम्मा, धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ, शिवाजी विद्यापीठ आणि गोवा विद्यापीठ, चारही ठिकाणी मराठी विभाग आहेत. पदवी चारही ठिकाणची चालते. फरक पुढे पडतो. तिला कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देशभर चालते, पण २००२ नंतरची सेट ही राज्याची पात्रता परीक्षा त्या त्या राज्यापुरतीच धरतात. महाराष्ट्राची सेट गोव्यातही चालते, कर्नाटकात नाही. म्हणजे ज्या राज्यात नोकरी करायची, तिथल्या सेटच्या अभ्यासाला पूरक विभाग तिनं बघावा. पीएच.डी.चं मनात असेल तर तिथे मार्गदर्शक किती आहेत आणि त्यांच्याकडे जागा रिकाम्या आहेत का, हे एम.ए.च्या वेळीच विचारलेलं बरं.

सरकारी नोकरीसाठी दोन्हीकडचा हिशोब वेगळा. कर्नाटक सरकारच्या नोकरीत कन्नडचं ज्ञान लागतं, त्यामुळे कन्नड अजिबात सोडून देणारा कोर्स आणि कर्नाटकातली नोकरी यांची जोडी जुळत नाही. महाराष्ट्र शासनाच्या जाहिरातींत ८६५ गावांतल्या मराठी भाषक उमेदवारांनाही अर्ज करता येतो. त्यासाठी त्या गावातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा विहित नमुन्यातला दाखला लागतो. शिकायला कोल्हापुरात राहिलात म्हणून घाईघाईनं रेशनकार्ड आणि मतदारयादीतलं नाव तिकडे हलवू नका.

आणखी एक गैरसमज: राज्यघटनेच्या कलम ३७१-जे ची सवलत कल्याण कर्नाटकातल्या जिल्ह्यांना आहे. बीदरच्या मराठी मुलांना ती मिळते, बेळगाव जिल्ह्याला नाही.

## ६. आकडे कसे वाचायचे

नॅकची, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेची, श्रेणी विद्यापीठाची वेगळी आणि त्याच्या संलग्न कॉलेजची वेगळी. विद्यापीठाला ए++ असलं तरी कॉलेज बी असू शकतं, किंवा त्याचं मूल्यांकनच झालेलं नसतं. ३.५१ पासून वर ए++, ३.२६ ते ३.५० ए+, ३.०१ ते ३.२५ ए, आणि २.५१ ते २.७५ बी+. प्रमाणपत्रावर मुदत असते, साधारण ५ वर्षांची. ती संपलेली असूनही फलकावर श्रेणी मिरवणारी कॉलेजं कमी नाहीत. इंजिनिअरिंगला नॅकपेक्षा एनबीएचं मानांकन महत्त्वाचं, कारण ते शाखेनिहाय असतं. कॉलेजच्या मेकॅनिकलला एनबीए आहे म्हणून नव्या एआय शाखेलाही आहे, असं होत नाही.

एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीतला क्रमांक पहिल्या शंभरात असला-नसला तरी एक गोष्ट कामाची आहे. त्यात भाग घेणाऱ्या संस्थेला आपली आकडेवारी आपल्याच संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्या पीडीएफमध्ये किती मुलं वेळेत उत्तीर्ण झाली, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेली आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार किती, हे असतं. जाहिरातीत 'सर्वोच्च पॅकेज' असतं, ते एका मुलाचं. मध्यक म्हणजे निम्म्या मुलांना त्याहून कमी मिळतं. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा आणि वडिलांना दाखवा.

## ७. अंतर आणि खर्च

रोज जाऊन-येऊन करणार असाल तर वर्षाचे १८० शिकवण्याचे दिवस धरा. जायला-यायला मिळून ३ तास लागत असतील तर वर्षाला ५४० तास रस्त्यावर जातात. तेवढ्या वेळात आयटीआयच्या मुलाचं एखादं यंत्र शिकून होतं. खोली भाड्याने घेतली तर परवडेल का, हा प्रश्न या आकड्याशेजारी ठेवूनच सोडवा.

मुलींसाठी: २०२३ च्या जूनपासून कर्नाटकच्या साध्या सरकारी बसमध्ये राज्यातल्या महिलांना प्रवास मोफत आहे. महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना निम्मं तिकीट. म्हणून एकाच अंतराचा खर्च धारवाडच्या दिशेला आणि कोल्हापूरच्या दिशेला वेगळा येतो. आणि सीमाप्रश्न तापला की आंतरराज्य बस बंद पडतात, हे आपल्याला नवं नाही. काळा दिन १ नोव्हेंबरचा, बेळगावचं विधिमंडळ अधिवेशन बहुधा डिसेंबरात, आणि विद्यापीठांच्या सेमिस्टर परीक्षाही बऱ्याचदा त्याच सुमाराला. कोल्हापूरला रोज ये-जा करणार असाल तर परीक्षेच्या काळापुरती तिथे राहायची सोय आधीच बघून ठेवा.

खर्चाच्या कागदावर फीशिवाय हे रकाने हवेत: परीक्षा शुल्क दर सेमिस्टरला, पात्रता शुल्क, वसतिगृहाची अनामत, मेस, युनिफॉर्म आणि लॅबचं साहित्य, इंटर्नशिपच्या काळातला राहण्याचा खर्च. शिष्यवृत्ती उत्पन्नात धरू नका. आली तर आली. कर्नाटकच्या शिष्यवृत्त्या एसएसपी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर असतात, त्यासाठी नाडकचेरीतून घेतलेल्या जात आणि उत्पन्न दाखल्यावरचा आरडी नंबर लागतो, आणि आधार बँक खात्याला जोडलेलं असावं लागतं. केवायसी झालं म्हणजे हे जोडणं झालं असं नाही. बँकेत 'आधार सीडिंग' असं स्पष्ट सांगा. राज्याबाहेर शिकणाऱ्यांना या शिष्यवृत्त्या खात्यानुसार मिळतात किंवा मिळत नाहीत, तेव्हा कोल्हापूर किंवा गोवा ठरवण्याआधी हे विचारणं भाग आहे.

## ८. एक दिवस तिथे जाऊन या

सुट्टी सोडून, मंगळवार-बुधवारी, सकाळी साडेदहा-अकराला जा. प्रवेशाच्या मेळाव्याच्या दिवशी नको, त्या दिवशी सगळी कॉलेजं सारखीच छान दिसतात. ऑफिसात जाण्याआधी हे बघा:

- नोटीस बोर्डवरची शेवटची नोटीस कधीची आहे.
- वेळापत्रकात तास आहे त्या वर्गात खरंच तास चालू आहे का.
- ग्रंथालयात मुलं बसलेली आहेत की कुलूप आहे.
- लॅबमधली यंत्रं वापरून झिजलेली आहेत की धूळ खात पडलेली. नवी कोरी दिसणारी लॅब ही नेहमी चांगली खूण नसते.
- मुलींची स्वच्छतागृहं. यावरून बाकीच्या कारभाराचा अंदाज येतो.

मग विभागात जा आणि दोनच प्रश्न विचारा. कायम शिक्षक किती आणि अतिथी व्याख्याते किती? मागच्या सेमिस्टरचा निकाल कोणत्या तारखेला लागला? अतिथी व्याख्याते शिकवायला कमी असतात असं नाही, कित्येक ठिकाणी तेच चांगले शिकवतात. पण त्यांची नेमणूक उशिरा होते, पगार थकतो, आंदोलन झालं की विभागच थांबतो. आणि निकाल तीन-चार महिने लांबत असेल तर पुढच्या प्रवेशाच्या मुदती हुकतात. बेळगावचा निकाल आणि कोल्हापूरची एम.ए. प्रवेशाची शेवटची तारीख यांची दरवर्षी शर्यत लागते.

शेवटी बसस्टॉपवर थांबा. पहिल्या वर्षाच्या नव्हे, तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला. 'कॉलेज कसं आहे?' याला 'बरं आहे' एवढंच उत्तर येतं. 'परत निवडायचं झालं तर हेच घ्याल का?' असं विचारा आणि उत्तर द्यायला किती वेळ लागतो तो बघा.

## ९. कागद

झेरॉक्सच्या तीन प्रती आणि मोबाईलमध्ये एक-एक स्वच्छ पीडीएफ:

- दहावी आणि दुसऱ्या पीयूसीचं मार्क्स कार्ड
- टीसी
- पहिली ते बारावी शिकल्याचा वर्षवार दाखला, प्रत्येक शाळेचा वेगळा
- ग्रामीण दाखला, बीईओच्या प्रतिस्वाक्षरीसह
- जात व उत्पन्न दाखला, आरडी नंबरसह
- आधार, आणि आधार जोडलेल्या खात्याचं पासबुक
- अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक), आणि डिजिलॉकरचं लॉगिन
- महाराष्ट्रासाठी जादा: गाव ८६५ मधलं असल्याचा दाखला, मातृभाषा मराठी असल्याचा संस्थाप्रमुखांचा दाखला, माहितीपुस्तिकेच्या शेवटी दिलेल्या नमुन्यातच
- दुसऱ्या राज्यात किंवा दुसऱ्या विद्यापीठात जात असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट; पदवीनंतर जात असाल तर तात्पुरतं पदवी प्रमाणपत्रही

नावाची भानगड आधीच मिटवा. कर्नाटकच्या मार्क्स कार्डावर नाव एका क्रमानं, महाराष्ट्राच्या अर्जात आडनाव-नाव-वडिलांचं नाव अशा क्रमानं, आणि आधारवर तिसऱ्याच स्पेलिंगनं असतं. अर्जात दहावीच्या मार्क्स कार्डाप्रमाणेच नाव लिहा आणि बाकी सगळं त्याला जुळवून घ्या. गावाच्या नावाचंही तसंच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर बेळगावचं बेळगावी झालं, आणि जुन्या दाखल्यांवर बेळगावच आहे. गावांची नावं कन्नड उच्चारानं एका दाखल्यावर आणि मराठी उच्चारानं ८६५ च्या यादीत असतात. तहसीलदार कचेरीतून 'दोन्ही नावं एकाच गावाची' असा दाखला घेऊन ठेवला तर पडताळणीच्या दिवशी धावपळ वाचते.

## १०. पैसे भरण्याआधी, आणि भरल्यानंतर मन बदललं तर

भेटीला जाण्याआधीच तीन अटी लिहा, ज्या मोडल्या तर ती जागा घ्यायची नाही. उदाहरणार्थ: प्रवास एकूण दोन तासांपेक्षा जास्त नको, चार वर्षांचा खर्च अमुक रकमेच्या वर नको, विभागात निदान निम्मे शिक्षक कायम हवेत. तीनच. सात-आठ लिहिल्यात तर एकही कॉलेज उरणार नाही आणि मग मित्र जिथे जातोय तिथेच जाल. भेटीनंतर अटी बदलू नका; इमारत आवडली की माणूस अटी ढिल्या करतो.

मूळ कागद कॉलेजने स्वतःकडे अडकवून ठेवू नयेत असा यूजीसीचा नियम आहे. पडताळणीसाठी दाखवा, पोच घ्या आणि परत घ्या. 'वर्षभर ऑफिसात राहतील' असं म्हणाले तर नियम दाखवा.

यूजीसीच्या २०१८ च्या धोरणानुसार फी परतावा असा: प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी, त्यातून प्रक्रिया शुल्क ५ टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ५,००० रुपये वजा. शेवटच्या तारखेला १५ दिवसांहून कमी राहिले असताना ९० टक्के. तारखेनंतर १५ दिवसांच्या आत ८० टक्के. त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५० टक्के. ३० दिवसांनंतर काही नाही. एखाद्या वर्षी यूजीसी यापेक्षा सवलतीचं परिपत्रकही काढते. केईए किंवा सीईटी सेलमधून घेतलेल्या जागेला मात्र त्या त्या यंत्रणेचे रद्द करण्याचे नियम आधी लागू होतात, आणि त्यांच्या तारखा वेगळ्या असतात.

रद्द करायचं असेल तर फोनवर सांगून भागत नाही. प्राचार्यांच्या नावे अर्ज, त्यावर कारण एका ओळीत, बँक खात्याचा तपशील, फीच्या पावतीची प्रत. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. टक्केवारी त्या शिक्क्यावरच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही ऑफिसात पहिल्यांदा तोंडी विचारलंत त्या दिवसापासून नाही.